दोन हात आखूड शतरंजी

मी एक जुनी शतरंजी आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं तरी मी फाटलेली नाही. रंग उडाला आहे आणि कडेचे दोन-चार गोंडे गेले आहेत, एवढंच. माझ्यावर पाय पडतात, पाय उठतात. सुरुवातीला त्याचं काही वाटायचं, आता फारसं वाटत नाही. पण जो येतो तो एकच विचारतो, की ही खोलीला आखूड कशी झाली? म्हणून एकदाचं सांगून टाकते.

माझा जन्म वऱ्हाडातल्या मालेगावचा. तिथे रहीममियाँ नावाचे विणकर होते. त्यांची बायको अमीनाबी सूत रंगवायची आणि रहीममियाँ जमिनीवरच्या मागावर लोखंडी पंजाने ठोकून ठोकून विणायचे. त्यांच्या शतरंज्या शिरपूरच्या यात्रेकरूंच्या पायांखाली असत, आणि रहीमचं माप चुकत नाही, असं लोक सांगत. एकुलता एक मुलगा फय्याज रंगूनला शिंपीकाम करायचा. नऊ वर्षांत दोनदा घरी आला. त्याची बायको अख्तरी सासू-सासऱ्यांजवळ राहायची. तिने आपली पेटी कधी पुरती उघडलीच नव्हती, कारण तिला वाटायचं की बोलावणं कधीही येईल.

ते एका दुपारी आलं. रहीममियाँनी पत्र वाचून दाखवलं. फय्याजने लिहिलं होतं, की सहा जणांत झोपून झोपून जीव उबगला आहे. तिसऱ्या मजल्यावर एक लहानशी खोली विकत मिळते आहे, नळ आतच आहे. ब्रह्मदेश आता हिंदुस्थानापासून वेगळा झाल्यामुळे आम्ही इथे परके ठरलो. परक्या माणसाने घर घ्यायचं म्हणजे कागदच कागद. जामीन मिळाला, पोलिसांचा दाखला मिळाला. पण खाली राहणारी मालकीण एकट्या परदेशी माणसाला खोली देत नाही. घरवाली येऊन राहणार असेल तरच देते. ‘सगळे कागद झाले, एक अख्तरीच राहिली,’ असं त्याने शेवटी लिहिलं होतं.

पत्रासोबत दोन सुतळ्या होत्या. एक खोलीच्या लांबीची, आठ हात, आणि एक रुंदीची, सहा हात. ‘अब्बांनी या मापाची शतरंजी विणावी, अख्तरीने येताना आणावी.’ रहीममियाँनी त्या सुतळ्या न मोजताच बायकोच्या हाती दिल्या आणि ते नमाजाला गेले.

मी तेव्हा शतरंजी नव्हते, निळं सूत होते, अमीनाबीच्या मांडीवर. तिने लांबीची सुतळी उचलली, कोपरापासून बोटांपर्यंत दोनदा मोजली, विळीवर कापली आणि तो तुकडा चुलीत घातला. मित्रांनो, ती वाईट बाई नव्हती. मुलाने परमुलखात घर घेतलं की तो परत येत नाही, एवढं तिला कळत होतं. सून गेली नाही तर घर होणार नाही, आणि घर झालं नाही तर मुलगा कधीतरी येईल, असा तिचा साधा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी अख्तरीने अंगणात चार खुंट्या ठोकल्या आणि त्या सुतळ्यांच्या मापाने दोरी ताणली. आत दोन खाटा टाकल्या, पेटी ठेवली, तीन दगडांची चूल मांडली. मग ती दिवसभर त्या दोरीच्या आतच राहिली. तिथेच पीठ मळलं, भाकरी भाजल्या, डाळ निवडली. शेजारची तुळसाबाई कुंपणावरून पाहत होती.

“काय करून राह्यली व अख्तरी?”

“रंगूनच्या घरात राहून पायतो.”

“एवढुशात? आमच्या बकऱ्याईले बी याच्याहून जागा हाय.”

अख्तरी हसली. दुपारपर्यंत ती हसत होती. नंतर ती खाटेच्या कडेवर दोनदा आपटली, आणि नमाजाला उभी राहायला गेली तेव्हा चुलीत पाय जाणार होता. अमीनाबी ओट्यावरून म्हणाली, “पाहून घे माय. उमरभर तिथंच राह्यनं हाय.”

सांज झाली तशी अख्तरी दोरी ओलांडून बाहेर आली. “मी नाई जात,” ती म्हणाली. पेटीही तिने स्वतःच आत नेली.

नकाराचं पत्र गेलं. मी मात्र विणली गेले. रहीममियाँ हातातलं काम अर्धं सोडणारे नव्हते. मी कोनाड्याखाली गुंडाळून उभी राहिले.

आठ महिन्यांनी फय्याजचं पत्र आलं. रहीममियाँनी ते शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मालकिणीची भाची विधवा होती. फय्याजने तिच्याशी निकाह केला होता. ती तिथलीच असल्यामुळे कागदही सोपे झाले, आणि खोली मिळाली. अख्तरीचा खर्च तो पाठवत राहील. अब्बांनी विणली असेल तर शतरंजी पाठवावी.

अख्तरी ताटात तांदूळ निवडत होती. तिने ते ताट निवडून संपवलं, नंतर दुसरं घेतलं. चार दिवस ती अशीच सगळी कामं करत राहिली. पाचव्या दिवशी तिने मला ओढून काढलं आणि गोणपाट आणलं.

“पाठवू नोको,” अमीनाबी म्हणाली. “ते तिथं पुरत नाई.”

“तुमाले कसं माईत?”

अमीनाबीने सुतळी कापल्याचं सांगितलं. अख्तरीने फक्त विचारलं, “किती?”

“दोन हात. मी जोड इनून देतो, बहू. आजच बसतो मागावर.”

“जोड कायले? हाय तशीच जाऊ द्या.”

तिने मला गोणपाटात घालून शिवलं. सुई दोनदा बोटात गेली. तिने बोट पुसलं आणि टाका पुरा केला.

अशी मी वाशीमहून आगगाडीने आणि पुढे आगबोटीने इथे आले. फय्याजने मला अंथरलं. भिंतीपाशी दोन हात फरशी उघडी राहिली. नवी बायको काहीतरी बोलली. त्याने मला पुन्हा ताणून पाहिलं, हाताने मोजलं. “अब्बाचं माप चुकत नाई,” तो स्वतःशीच म्हणाला. सुतळीवरून माप कोणी घेतलं होतं, असं त्याने घरी लिहून विचारलं.

उत्तर रहीममियाँच्या अक्षरात आलं, अमीनाबीला विचारून लिहिलेलं. त्यांनी काही लपवलं नाही. सुतळी तुझ्या आईने कापली. अख्तरीने त्या मापात एक दिवस राहूनही पाहिलं. ती यायला तयार होती.

त्या दिवशी फय्याज दुकानात गेला नाही. संध्याकाळी बायकोने त्या उघड्या जागी पेटी सरकवली, तर त्याने ती उचलून खाटेखाली घातली.

मित्रांनो, मला महिन्यातून एकदा ऊन दाखवा, ओली दुमडू नका, नुसती झटकली तरी मी टिकेन. पण भाचीबाई, म्हणजे फय्याजची नवी बायको, आता नवी शतरंजी घ्या म्हणतात, भिंतीपासून भिंतीपर्यंतची. घेऊ नका, असं फय्याज त्यांना रोज सांगतो. कायले, ते मात्र त्याला अजून सांगता आलेलं नाही.