खुळखुळणारं झाकण

थोरल्या पुतणीला जुळी झाली, त्या वर्षी धाकट्या पुतणीने फाउंड्रीत थ्री-डी प्रिंटर आणला. फाउंड्री तिच्या बापाची. त्याला सगळे दादा म्हणत. दादाचा धाकटा भाऊ, म्हणजे या पोरींचा काका, तिथे तीस वर्षं लाकडी पॅटर्न घडवत होता. पॅटर्न म्हणजे वस्तूचा नमुना. तो वाळूत दाबून काढला की साचा उरतो आणि त्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओततात. धाकट्या पुतणीला घरात बारकी म्हणत. बापाच्या खांद्याला लागली, कॉलेज करून आली, तरी नाव काही वाढलं नाही.

काकाला यंत्राचं वावडं नव्हतं. दोन दिवस तो स्टूल टाकून प्लास्टिकच्या धाग्याचा थरावर थर चढताना बघत बसला. कोळ्याला नोकरीला ठेवलंय म्हणाला. तिसऱ्या दिवशी दादा सहज बोलून गेला की आता लाकडी पॅटर्न माळ्यावर टाकू, जागा तरी मोकळी होईल. ते काकाच्या जिव्हारी लागलं. बोलला भाऊ, पण राग धरला त्याने बारकीवर.

पहिलंच काम पंपाच्या मोठ्या झाकणाचं आलं. कागदावरचा नकाशा कधीच हरवलेला, हाताशी फक्त काकाने घडवलेला जुना पॅटर्न. बारकीला तोच प्लास्टिकमध्ये उतरवायचा होता. धातू निवताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करतात, हे तिला ठाऊक होतं. तेव्हा लाकडाचं माप जसंच्या तसं घ्यायचं, असं तिने ठरवलं, आणि तिचं बरोबरच होतं. फक्त तिचं मोजायचं साधन तोकडं पडलं, म्हणून तिने काकाच्या टेबलावरची पोलादी पट्टी उचलली.

ती पट्टी साधी नव्हती. पॅटर्नवाल्याला दर वेळी वाढीचा हिशेब करावा लागू नये, म्हणून तिच्यावरचे सेंटिमीटरच किंचित लांब आखलेले असतात. त्या पट्टीने लाकूड मोजलं तर वाढीव माप दिसतच नाही, तयार झाकणाचं दिसतं; तेवढाच पॅटर्न केला तर झाकण आकसून लहान होणार.

काका चार हातांवर चहा पीत होता. त्याने पट्टी पाहिली आणि तिने लिहिलेला आकडाही पाहिला.

"काका, चाळीस बरोबर ना?" तिने विचारलं.

"पट्टीवर दिसतंय ते लिही की," काका म्हणाला.

यात खोटं अक्षर नव्हतं. एकदा तोंडघशी पडू दे, मग आपणच समजावू आणि दोघं हसू, एवढंच त्याच्या मनात होतं.

सहा झाकणं ओतली गेली. दादाने गिऱ्हाइकासमोर पहिलं उचलून पंपाच्या तोंडात बसवलं, तर ते खुळखुळलं. पाच मिलिमीटर कमी. दादा पोरीला नाही नाही ते बोलला. तुझ्या काकाच्या हातून इतक्या वर्षांत केसाएवढी चूक झाली नाही, असंही म्हणाला. काका खाली मान घालून आधीच स्वच्छ असलेली कानस पुसत राहिला. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण दादाचा तो अवतार बघून त्याने ते संध्याकाळवर ढकललं आणि मग आज सांगू, उद्या सांगू यातच महिना गेला. तेवढ्यात बारकीने यंत्र खोक्यात भरलं आणि परगावी नोकरी धरली. तिचा फोन आला की दादा तो बायकोच्या हातात द्यायचा.

काकाला जेवण गोड लागेना. दादा चारचौघांत त्याची वाखाणणी करी, तेव्हा कुणी कानाखाली मारतंय असं त्याला वाटे.

वर्षभराने दादाचं हृदय दुबळं झालं आणि त्याला दवाखान्यात ठेवलं. बारकीने काकाला फोन करून तब्येत विचारली. काकाने तब्येत सोडून पट्टीचं सांगितलं, एका दमात.



"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, काका. साधी पट्टी शेजारी ठेवून बघितली मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." मग ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? बाबांना सांगा. त्यांना मी निष्काळजी वाटते अजून."

काका मंगळवारी गेला तर वहिनी शेजारी बसलेल्या. बुधवारी दादा एकटा होता, उशीला टेकून दाढी करत होता. स्वतःच बोलला, की फाउंड्री माझ्यामागे तूच बघ, बारकीच्या हाती देऊ नकोस, ती घाई करते. काका "बरं" म्हणाला. म्हणाला आणि घरी आला.

रात्रभर त्याने त्या "बरं"ला शिव्या घातल्या. सकाळी उठून न खातापिता निघाला. दवाखान्याच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून तो पहिलं वाक्य जुळवत राहिला. दादा, ती चूक पोरीची नव्हती. तिथून सुरुवात करावी की पट्टीपासून, हे त्याचं ठरत नव्हतं.

तेवढ्यात वरच्या खोलीत दादाचा श्वास थांबला. गुरुवार होता, सकाळचे सव्वाअकरा वाजले होते.