गुडघाभर पाणी

आमचा अल्वा अमेरिकेच्या तटरक्षक दलातला. युद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणारी बोट चालवायचा. बुडणाऱ्या चौघांना ओढून काढलं म्हणून सरकारने पदक दिलं. आमच्या हॅटरस बेटाने त्याला डोक्यावर घेतलं, आणि हा मेला मिरवणुकीतही सुतकी तोंड करून उभा! बायको असून मलाही कारण सांगेना.

सत्तेचाळीसच्या मार्चमध्ये स्टॅम्परबाई आल्या. पार डोंगरातून, दोन दिवस बसने. त्यांचा लायल अल्वाच्या बोटीत होता आणि परत आला नव्हता. मी मक्याची भाकरी नि शिंपल्यांचं कालवण वाढलं. त्यांनी चमच्याला हात लावला नाही.

"माझं पोर कसं गेलं, एवढंच सांग, बाळा."

मी टेबलाखालून अल्वाच्या पायावर पाय दिला. गोळी लागली म्हण नि संपव! पण ऐकेल तर शपथ.

"बोट वाळूच्या दांड्यावर टेकली," तो म्हणाला. "दांड्यापलीकडे खोल पाणी असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मी सैनिक उतरायचं पुढचं दार खाली पाडलं. गोळ्या येत होत्या, मी घाबरलो होतो. लायल शेवटचा उतरणारा. त्याने मला विचारलं, पाणी किती? मी म्हणालो, गुडघाभर. त्याच्या पाठीवर मणभर ओझं होतं, बाई. पोरं बुडताना दिसली तशी मी उडी मारली. चौघे हाती लागले, तो नाही."

हे पोटात ठेवून हा माणूस रोज माझ्याशेजारी झोपत होता! राग आला, आणि कीवही आली.

बाई रडल्या नाहीत. "लायलला पाण्याची फार भीती. बापानेच त्याला हट्टाने भरतीला धाडलं. त्यांना मी सांगितलंय, गोळी लागली. पण म्हातारा विश्वास ठेवत नाही, झोपत नाही. तू लिहून दे, गोळी लागताना मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून. खाली पदकाचं नाव घाल, म्हणजे पटेल."

"बाई, खरं बोलायला मला तीन वर्षं लागली."

"बोललास ना? झालं. आता लिही."

कागद मीच आणून दिला. अल्वाने लिहिलं, सही केली, खाली पदकाचं नाव घातलं. बाईंनी दोनदा वाचलं.

"'लगेच' राहिलं," त्या म्हणाल्या. "लगेच गेला, असं घाल."

त्याने ते घातलं.