मिळालं म्हणून सांग

चहाड्या करणारी माणसे शोधावी लागत नाहीत, तीच आपल्याला शोधत येतात. पण देव कधीकधी एखादे माणूस त्याच मातीचे, फक्त उलट्या तोंडाचे घडवतो, बरं का. टपालबाई तशी होती.

तिचा खरा धंदा केस कापण्याचा. दुकान नव्हते. खांद्याला निळी पिशवी, तिच्यात कात्र्या, कंगवे, पाणी फवारायची बाटली आणि धुऊन घडी घातलेली चादर. आजारी, म्हातारी, जिना उतरणे न जमणारी आणि जिना उतरायचा नुसताच कंटाळा असलेली, अशी सगळी तिची गिऱ्हाइके. घरी जायचे, खिडकीजवळ खुर्ची ओढायची, मानेभोवती चादर बांधायची. कात्री वाजू लागली की माणसाचे तोंड आपोआप सुटते. दुसरी कुणी असती तर ऐकलेल्यातले विष वेचून दारोदार वाटत गेली असती. ही बाई त्यातला गोड शब्द तेवढा उचलायची आणि ज्याचा असेल त्याच्या घरी पोचवायची. म्हणून तिचे नाव टपालबाई पडले.

व्हायोलिन शिकणारे एक विधुर मास्तर होते. त्यांना वाटायचे, सगळी इमारत आपल्या नावाने बोटे मोडते. त्यांच्या कल्ल्याशी कात्री धरून ती म्हणाली, "खालच्या आजी सांगत होत्या, वरचं वाजणं थांबलं की घर उगाच मोठं वाटायला लागतं." मास्तर खुर्चीत एवढे हलले की तो कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर वर गेला. बेकरीवाली आपल्या सुनेविषयी म्हणाली होती, "तोंड म्हणजे नुसती भट्टी, पण पीठ मळावं तर तिनंच." टपालबाईने भट्टी वगळली आणि पीठ तेवढे पोचवले. वगळायला तिची हरकत नसे. मनाने रचायला मात्र होती. ऐकलेल्याला मीठमसाला लावायचा नाही, आणि 'सांगू नकोस' म्हणून मिळालेले जिथल्या तिथे ठेवायचे, हे तिचे सोवळे. चांगला शब्द देवाच्या घरून निघतो, माणसाच्या तोंडून नुसता पुढे जातो, असे ती मानायची. मग देवाच्या मालात भेसळ कशी करायची?

हे वेड तिला लागले तेही एका शब्दानेच. कात्री धरायला नुकती शिकली होती, तेव्हा एका आजारी बाईचे गळणारे केस कापायला तिला पाठवले होते. तिने एकेक बट जपून कापली. काम झाल्यावर ती बाई आरशात न बघताच म्हणाली, "तुझ्या हाताला घाई नाही गं." पुढे ती बाई देवाघरी गेली. पण टपालबाईचा दिवस वाईट गेला, कुणी टाकून बोलले, की ती स्वतःच्या हातांकडे बघायची आणि तिला बरे वाटायचे.

तर असे हे टपाल सुखाने चालले होते. मग एका सोमवारी चष्मेवाल्या काकांनी तिला पेचात टाकले.

काका तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटे राहायचे. जन्मभर चष्म्याचे दुकान चालवलेला माणूस. आता छाती दुखायची, चार पावले चालले की भिंत धरावी लागायची.

"काय टपालबाई, आज कुणाचं काय आणलंस?"

"तुमचंच आणलंय. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणतो, काकांनी बसवून दिलेला चष्मा अजून नाकावरून तसूभर हलला नाही."

"शिंप्याचं राहू दे." काकांनी ते हातानेच उडवून लावले. "तू तिच्याकडेपण जातेस ना?"

ती म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. काकांची एकुलती एक लेक. कॉलेज सुटल्यापासून ती बापाच्या दुकानात उभी होती. काचा घासायला शिकली, डोळे तपासायचा कोर्स केला, गिऱ्हाइकांच्या नाकांची मापे तिला तोंडपाठ. दुकान सोपवायची वेळ आली तेव्हा काकांनी ते पुतण्याच्या हाती दिले आणि लेकीला चारचौघांत म्हणाले, "काउंटरवर उभं राहणं वेगळं आणि दुकान चालवणं वेगळं. ते तुझ्याच्यानं व्हायचं नाही." ती वळली. पर्स उचलली आणि पायऱ्या उतरली. दोन गल्ल्या सोडून तिने स्वतःचे दुकान थाटले आणि ते असे चालले की आज तिथे नंबर लावून बसावे लागते. पुतण्याने इकडे वर्षभरात चष्म्यांच्या कपाटात मोबाइलची कव्हरे मांडली. बापलेकीचे बोलणे तुटले ते तुटलेच.

"गुरुवारी ऑपरेशन आहे," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. म्हणताना मात्र चष्मा काढून पुसत बसले."

"मग एक फोन करा ना ताईंना."

"काय म्हणू? मरायला टेकलोय, आता तरी बरं बोल? ती भीक झाली." चादरीखाली त्यांचे हात चुळबुळत होते. "तू जगाचं नेतेस-आणतेस. तिच्या तोंडून माझ्याविषयी एखादा बरा शब्द आपणहून निघाला, तर तो आण. एकच पुरे. तेवढा घेऊन जाईन म्हणतो टेबलावर. आणि खोटा आणू नकोस हं. जन्म गेला माझा लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावण्यात. दिसत नसताना दिसतंय म्हणणारा मला लगेच कळतो. केस आज राहू देत, बुधवारी ये कापायला."

टपालबाईने 'बघते' म्हटले. बघण्यासारखे काय होते, ते तिचे तिलाच ठाऊक. इतक्या वर्षांत ताईच्या तोंडून बापाविषयी वगळून वगळूनसुद्धा काही उरेल असे एक वाक्य तिने ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती ताईकडे गेली. मागच्या खोलीत काचा घासायच्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून ताईचे केस कापले जायचे.

"काकांचं ऑपरेशन आहे गुरुवारी."

"कळलंय. चुलतभावानं सांगितलं. कपाळावरचे सरळ हं, मावशी."

"जाणार का बघायला?"

"मावशी, केस कापा."

टपालबाईने केस कापले. मग पाणी फवारता फवारता हळूच म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाचं एखादं तरी बरं आठवत असेल ना?"

"तुमचं टपाल इथं यायचं नाही. पेटी गंजलीय." ताई आरशातूनच म्हणाली. "तुम्ही बऱ्याबऱ्याचं सांगता. वाईट शब्दाचं काय करायचं, ते सांगा. रोज सकाळी शटर वर ढकलते ना, त्या आवाजात मला ऐकू येतं, तुझ्याच्यानं व्हायचं नाही. दुकान भरलेलं असतं, तरी येतं. मेलं जातच नाही."

टपालबाई कात्री चालवत राहिली. मागचे झाले, बाजूचे झाले, ती पुढे आली.

"सरळ हं," ताई पुन्हा म्हणाली.

"अहो, किती वेळा सांगाल? मागे मी उंदरानं कुरतडल्यासारखे कापले तरी तुम्ही बोलत नाही. कपाळावरच्यांचंच एवढं काय?"

ताईने डोळे मिटून घेतले होते, केस डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून. एकाएकी तिला हसू फुटले.

"आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. केस डोळ्यांवर यायला लागले, तर बाबांनी स्वतःच कात्री घेतली. काच कापणारा माणूस, त्याला वाटलं केस काय, सहज कापू. एक बाजू वर गेली म्हणून दुसरी कापली, ती जास्त वर गेली. शेवटी छपराच्या उतारासारखं झालं माझं कपाळ. मी आडवी पडून रडले. शाळेत जाणार नाही म्हटलं. बाबा आरशासमोर गेले, स्वतःचे पुढचे केस धरले आणि कचकन तसेच कापले. तोच उतार! माझा हात धरून शाळेत आले. फाटकात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होते. सगळी पोरं त्यांनाच हसत होती, माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. केस वाढेपर्यंत तसेच दुकानात बसायचे. गिऱ्हाइकं विचारायची, चष्मेवाले, हे काय? तर म्हणायचे, माझ्या मुलीनं काढलेली फॅशन आहे."

हसता हसता तिचा आवाज कधी ओला झाला ते दोघींनाही कळले नाही. टपालबाईची कात्री हवेतच थांबली होती. मिळाला! एक मागितला होता, पसाभर मिळाला!

ताईने डोळे उघडले. आरशात टपालबाईचे उजळलेले तोंड बघितले आणि तिचे स्वतःचे तोंड घट्ट झाले.

"मावशी, हे त्यांना सांगायचं नाही."

"अहो, पण ताई..."

"नाही म्हणजे नाही. रागावून राहायचं तर हे लपवून ठेवावं लागतं मला. कळलं तर त्यांना वाटेल, झालं, मिटलं. मिटलेलं नाही. तुम्हाला देवाची शपथ."

देवाची शपथ घातल्यावर संपलेच की.

बुधवारी सकाळी काकांचा जिना चढताना टपालबाई मधल्या वळणावर पायरीवरच बसली. हातात एवढे ताजे, एवढे गोड, आणि देता येत नाही. काही बोलायचे नाही असे ठरवावे, तर म्हातारा उद्या रिकाम्या हाताने टेबलावर जाणार. दुसरे काहीतरी रचावे, तर तो ओळखणार. आणि त्याने नाही ओळखले तरी वरचा बसलाय ना ओळखायला. "देवा," ती पुटपुटली, "माल तुझा, वाट तुझी. मला फक्त खोटं बोलायला लावू नकोस." तेवढे म्हणून ती उठली.

काका खिडकीजवळ खुर्ची ओढून तयारच बसले होते. चादर बांधून होईपर्यंत त्यांनी दम धरला.

"आणलंस?"

"आणलंय."

"मग दे."

"द्यायला मनाई आहे, काका."

काकांनी मान एवढी झटकन वळवली की कंगवा खाली पडला. "म्हणजे?"

"म्हणजे ती बोलली. आपणहून बोलली, मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि मग म्हणाली, त्यांना सांगायचं नाही. शपथ घातलीय."

काकांनी तिच्याकडे टक लावून बघितले. दुकानात अक्षरांची शेवटची ओळ वाचणाऱ्याकडे बघायचे, तसे. टपालबाईने डोळे खाली केले नाहीत.

"चांगलं होतं?"

"होतं."

"माझ्याविषयीच ना? नाहीतर शिंप्याचं असायचं."

"तुमच्याविषयीच."

"बोलताना हसली का?"

"हसली. काका, पुढं विचारू नका, जीभ घसरेल माझी."

काकांनी विचारले नाही. त्यांनी चष्मा काढला, चादरीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. मग पुन्हा काढला. खिडकीतून उन्हाचा पट्टा त्यांच्या गुडघ्यांवर आला होता. टपालबाईने मधे कात्री चालवली नाही.

"लपवून ठेवलंय म्हणजे तिनं टाकून दिलेलं नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढी वर्षं सांभाळलंय." आणि त्यांच्या खांद्यांवरून कुणीतरी पोते उतरवून घ्यावे तसे ते सैल झाले. "काप आता. चांगले बारीक काप. उद्या डॉक्टरांसमोर नीटनेटकं दिसलं पाहिजे."

केस कापून झाले, मान झाडून झाली. ती पिशवी उचलणार तोच काका म्हणाले, "तिला निरोप सांग. मिळालं म्हणून सांग."

"अहो, काय मिळालं? मी तर काही दिलंच नाही!"

"तू दिलं नाहीस, हेपण सांग. पण मिळालं."

आता बघा, या निरोपावर कसलीही मनाई नव्हती. चादर न झाडताच पिशवीत कोंबून टपालबाई तडक दुकानात गेली. ताई कामात होती. एक जाडेसे गृहस्थ तपासणीचा अवजड चष्मा नाकावर घेऊन भिंतीवरची अक्षरे वाचत होते.

"ताई, काकांचा निरोप आहे. मिळालं म्हणाले."

ताईच्या हातातली काच खणकन ट्रेमध्ये पडली. "मी शपथ घातली होती तुम्हाला!"

"एक अक्षर सांगितलं नाही. सांगायला मनाई आहे, एवढंच बोलले."

"मग त्यांना मिळालं काय?"

"ते मला कुठं ठाऊक? त्यांनाच विचारा."

"विचारतेच! सोडते की काय! म्हणे मिळालं! उभं आयुष्य असंच केलं यांनी, आपलं आपणच ठरवून मोकळे!" ताईने पांढरा कोट काढून खुंटीकडे भिरकावला, तो खाली पडला.

"अहो, माझं काय?" गृहस्थ म्हणाले.

"इथंच बसा. हलू नका."

ती पुढे, टपालबाई मागे. दोन गल्ल्या ताई बडबडत चालली होती, आणि ती बडबड सगळीच्या सगळी वगळण्यासारखी होती. जिन्यावर मात्र ती गप्प झाली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडेच होते.

"काय मिळालं तुम्हाला?" तिने उंबऱ्यातूनच विचारले.

काका खुर्चीचे हात धरून उठायला बघत होते. उठवेना, तेव्हा तसेच बसले. "सांगतो. आधी बस. धाप लागलीय तुला."

"बसायला आले नाही मी. काय मिळालं ते सांगा."

"ठकू, बस गं."

या नावाने तिला हाक मारणारे आता जगात एकच माणूस उरले होते. ताई उंबऱ्यात क्षणभर उभी राहिली, मग आत गेली आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

टपालबाईने बाहेरून दार ओढून घेतले. आतले एकही अक्षर कानावर पडू नये म्हणून ती पाय आपटत आपटत जिना उतरली.