रोसेनचा न्याय

जूनमधली दुपार. टेकडीवर पानसुद्धा हलत नव्हतं. अख्खं गाव रोसेनच्या झुडपाभोवती गुडघे टेकून बसलं होतं. बाहेरगावाहून आलेल्या स्पासबाबांनी मेणबत्ती गुलाबी तुऱ्याच्या देठाशी नेली. भक्कन ज्वाळा उठली, शेंड्यापर्यंत गेली आणि विझली. झुडूप जसंच्या तसं!

"पाहिलंत? पाप जळतं, पुण्य उरतं!" बाबा गरजले. "केराच्या घरात कुणाची वाईट नजर आहे, ते रोसेन तीन दिवसांत हातावर लिहून देईल!"

केराची सून वेलिका फिसकन हसली. तेच नडलं. टेकडी तिच्या माहेरची. बाबांना तिथे प्रार्थनाघर हवं होतं आणि ती जागेच्या कागदावर सही करत नव्हती. त्यात सासू महिनाभर अंथरुणाला खिळलेली. बाबांनी वेलिकाच्या बाह्या वर सारून कोपरापर्यंत पानं खसाखसा चोळली. "प्रार्थना संपेपर्यंत हात उन्हात धर!" बाकीच्या बायकांच्या हातांना पानं मात्र सूर्य मावळल्यावर चोळली.

तिसऱ्या दिवशी वेलिकाच्या हातांवर टपोरे फोड आले. बाकी कुणालाच काही नाही.

सासूनं अंथरुणातूनच नातीला शेजारी पाठवलं आणि गावातल्या बायकांना सुनेला अंगणातल्या स्वयंपाकखोलीत ढकलून बाहेरून कडी घालायला लावली. नवरा दिमो दाराशी येई, पण कडीला हात लावत नसे.

"सही करून टाक, वेलिके. शाप उतरेल म्हणतात."

"आणि माझी पोर?"

"मग देतील."

भिंतीपलीकडून पोरीचं रडणं यायचं. कोंडल्यापासून चौथ्या दिवशी वेलिकाला स्वतःचीच भीती वाटू लागली. खरंच माझी नजर वाईट असेल? कागद मागवावा का?

हातांना तेल लावताना ती थबकली. फोड मनगटाच्या जरा वर, सरळ रेषेत थांबले होते. चोळून झाल्यावर बाह्या घसरून तिथंच तर आल्या होत्या! पानं कोपरापर्यंत चोळलेली, मग वरची कातडी कोरी कशी? पापाला बाही दिसते होय?

तिनं खिडकीतून पेन्का आजीला हाक मारली. आजीनं तीस वर्षं वनौषधी खरेदी केंद्र सांभाळलं होतं.

"आजी, रोसेन उन्हात तोडायचात?"

"छे गं! हातमोजे घालून, ढगाळ दिवशी. रस लागून ऊन बसलं की कातडी भाजते."

"मग हे गावाला सांगा ना!"

"सांगून कोण ऐकतं? दाखवावं लागेल. अजून तीन दिवस कळ काढशील?"

वेलिकानं ओठ चावून मान डोलावली.

आजीनं चर्चच्या अंगणात, भर दुपारी, सगळ्यांसमोर दोन्ही हातांना पानं चोळली. डावा जाड काळ्या कापडात गुंडाळला, उजवा तासभर उन्हात धरला. तीन दिवसांनी टेकडीवर, सगळ्या गावादेखत तिनं कापड सोडलं. डावा हात स्वच्छ, उजव्यावर फोडच फोड.

"ही पण चेटकीण!" स्पासबाबा ओरडले.

"निम्मीच का रे? डावा हात पुण्यवान, उजवा पापी?" लोक हसले. "आण तुझा हात. चोळते, उन्हात धर."

बाबांनी हात झग्यात लपवले.

आजीनं काडी ओढून झुडपाशी नेली. तीच ज्वाळा, तेच शाबूत झुडूप. "उकाड्यात, वारा पडलेला असला की यातून तेलाची वाफ निघते. पेटते ती वाफ. उद्या वारा सुटू दे, मग पेटवून दाखव म्हणावं!"

दिमो धावत घरी गेला. कडी निघाली. वेलिका त्याच्याकडे न बघता शेजारच्या घरात शिरली आणि पोरीला छातीशी धरून जमिनीवरच बसली. संध्याकाळपर्यंत बाबा बसनं पसार झाले होते. सासूला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त फार कमी झालं होतं, औषधानं ती उठली.

माफी मागायला बायका आल्या. वेलिकानं हातांवरचे तपकिरी डाग पुढे केले.

"हे झाडामुळे झालं. झाडाला मी कोण, हे कळत नाही. पण कडी तुम्ही घातलीत. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, हिच्याच हाताला का, दुपारीच का? उत्तर मिळेपर्यंत कुणाच्या दाराला कडी घालू नका."