मागच्या खुर्चीतली सोबत

माझ्या डोक्याला काम सुरूच करता येत नाही. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलंय. मला ते आवडतं, कारण त्याआधी घरात ‘आळशी’ हेच नाव चालू होतं.

कोळिक्कोडला लिसम्मा मॅडम आमच्यासारख्या मोठ्या माणसांचा गट चालवतात. त्यांचा मुख्य उपचार म्हणजे सोबत. एकाने काम करायचं, दुसऱ्याने त्याच्यामागे खुर्चीत नुसतं बसायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. काम संपलं की सोबत्याने उठून चालू पडायचं. लोकांना हा वेडेपणा वाटतो, पण भांडी घासली जातात.

माझा सोबती अन्वर. त्याला नमस्कार-चमत्कार सोसत नाहीत, म्हणून मी पुढचं दार नुसतं लोटून ठेवतो.

त्या दिवशी संध्याकाळी श्रीकला चेची, माझी थोरली बहीण, मस्कतहून येणार होती. मागच्या खेपेला आमचं स्वयंपाकघर बघून तिने सांगून ठेवलं होतं, “मोने, बाळा, पुन्हा असंच दिसलं तर आईच्या घराला कुलूप, आणि तू माझ्याबरोबर मस्कतला.” मस्कतला तिचा नवरा दिवसभर टीव्ही लावून बसतो. इथे मला घरातला एकूण एक आवाज ओळखीचा आहे.

जेवणवेळ टळून गेल्यावर दार करकरलं. मागे वेताची खुर्ची कुरकुरली. मी नळ सोडला आणि पुट्टू वाफवायच्या नळकांड्यात दगड झालेलं तांदळाचं पीठ खरवडायला घेतलं. हात असा चालला की माझाच मला संशय यावा.

तेवढ्यात फोन वाजला. अन्वर.

“एडा, रागावू नकोस. मी अजून स्टँडवरच आहे.”

“स्टँडवर?”

“माझी सीट रिकामी असलेली बसच येत नाही. दारामागची तिसरी.”

“सकाळपासून एकही नाही?”

“एक आली. सीटवर फणस होता.”

“मग उचलायचा ना!”

“कोणाचा होता ते माहीत नव्हतं.”

मी आवाज खाली आणला. “अन्वर, मग माझ्यामागे कोण बसलंय?”

“बघ की.”

“बघायचं नाही ना. नियम आहे.”

“हो, तेही खरंच. बसतंय कसं?”

“छान. तू पाय हलवतोस, हे हलवत नाही.”

“मग काम उरकून घे,” म्हणत त्याने फोन ठेवला. नियमाच्या बाबतीत अन्वर पक्का.

मी उरकत राहिलो. मागून श्वास ऐकू येत नव्हता. फक्त अधूनमधून वेत कुरकुरायचा, कोणी पुढे झुकल्यासारखा. सगळी भांडी झाली, ओटा झाला, फडकंसुद्धा धुऊन झालं. मग लक्षात आलं, काम संपलं की हे उठणार. एक चमचा मी तसाच खरकटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभा राहिलो.

चेची माझ्या समोरच्या, परसातल्या दारातून आत आली. आधी तिने ओटा पाहिला, मग माझ्या खांद्यावरून पलीकडे. लगेच ओढणी सावरली.

“अय्यो, पाहुणे आहेत होय? सांगायचं नाहीस? बसा हो, बसा, चहा टाकते.” मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “आरसा केलास की रे! राहा बाबा इथेच, मी नाही नेत. सोबतही आहे तुला, आता मला घोर नाही.”

“चेची...”

“आणि हा एक चमचा कोणासाठी ठेवलायस?”

“असू दे तो. चेची, हात नको लावूस.”

“एका चमच्याचा काय बाऊ!” तिने नळ सोडला, चमचा घासला, पुसला, जागेवर ठेवला.

मागे खुर्ची कुरकुरली. या वेळी बराच वेळ, माणूस उठताना कुरकुरते तशी.

चेची हसत वळली. मग तिचं हसू जरा अडखळलं.

“अहो, इकडे कुठे?” ती म्हणाली, “दार तिकडे आहे.”