पहिलं शील

दिनेशला फाशी सुनावली त्या दिवशी गंगापूर रोडमागच्या वस्तीत पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांना दोष तरी कसा द्यायचा? गांगुर्डे गुरुजींची आठ वर्षांची रोशनी त्याने मारली होती, कानातल्या सोन्याच्या डुलांसाठी. गुरुजींनी पेढा हातात घेतला आणि तसाच खिडकीत ठेवला. त्याला मुंग्या लागल्या.

दिनेश परका नव्हता. चार घरं सोडून राहणाऱ्या शकुबाईचा तो मुलगा. दर रविवारी विहारात गुरुजी वंदना घेत. ते पुढे म्हणत, वस्ती मागून म्हणे. लहानपणी दिनेश पहिल्या रांगेत बसायचा. जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील गुरुजींनीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. तेच त्यांना जाळत होतं.

निकालानंतरच्या रविवारी गुरुजींनी मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं. पंचशीलाशी आले आणि पहिलं शील काही तोंडातून फुटेना. ज्या तोंडाने कोर्टाबाहेर ‘लटकवा त्याला’ म्हटलं, त्याच तोंडाने हे कसं म्हणायचं? त्यांनी सरळ दुसऱ्यापासून सुरुवात केली. बापाचं दुःख जाणून कोणी ब्रही काढला नाही. पुढे तीच सवय पडली. वस्तीतली नवी पोरं चारच शीलं शिकली.

शकुबाई पंचवटीत भाजी विकायची आणि रविवारी विहारात सगळ्यात मागे, दाराशी बसायची. तिच्याशी कोणी बोलत नसे. वरची कोर्टं झाली, दयेचा अर्ज दिल्लीला गेला, तेव्हा ती पहिल्यांदा गुरुजींच्या दारात आली.

“गुरुजी, वकील म्हणतो, पोरीच्या बापानं फाशी नको म्हटलं तर इचार व्हईल. त्याला सोडा म्हनत नाय मी. मरंस्तवर आत राहू द्या. फकस्त जीव राहू द्या.”

“माझी रोशनी आणून दे. मग म्हणतो.”

शकुबाईने मान खाली घातली. “माझी बी लय लाडाची होती ती,” एवढंच म्हणाली आणि गेली.

“म्हणायचं होतं हो,” आतून गुरुजींची बायको मीना म्हणाली. गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत, पण वकिलाकडेही गेले नाहीत.

अर्ज फेटाळला गेला. दिनेशला फाशी झाली. त्या दिवशी तरी छाती हलकी होईल, असं गुरुजींना इतकी वर्षं वाटत आलं होतं. रोशनीच्या फोटोपुढे ते दुपारपर्यंत बसून राहिले. काहीच हलकं झालं नाही. उलट पहिल्या रांगेतला तो लहानगा दिनेश सारखा डोळ्यांपुढे येत राहिला.

रविवारी ते विहारात उभे राहिले. त्रिशरण झालं. आणि मग गुरुजींनी पहिलं शील म्हटलं, मोठ्याने. मागून कोणीच काही म्हटलं नाही. पोरांना ते येतच नव्हतं आणि मोठी माणसं चपापून एकमेकांकडे बघत राहिली.

मग दाराशी एक आवाज उठला. तुरुंगाच्या गावी पोराला मातीआड करून परवाच परतलेली शकुबाई हात जोडून ते शील म्हणत होती, एकही शब्द न चुकता.

गुरुजींनी ते पुन्हा म्हटलं. पुन्हा तिचाच आवाज आला. दुसरं शील काही त्यांना आठवेना.