सासरेबुवांना आलेलं फूल

“हे फूल खरं आहे ना हो?”

“म्हणजे काय! खोटं कशाला असेल?” असं म्हणत काटेकाकूंनी टेबलाखालचं ग्लू गनचं बटण पायाच्या अंगठ्यानं बंद केलं.

विचारणाऱ्या होत्या काकूंच्या कॅक्टसच्या दुकानात आलेल्या शाळेतल्या बाई. वर्गाच्या खिडकीत ठेवायला त्यांना छोटासा कॅक्टस हवा होता. कमी पाण्यातही कसं फुलता येतं, ते पोरांना दाखवायचं होतं म्हणे. काकूंनी गुलाबी फुलाची कुंडी कागदात गुंडाळून दिली आणि फुलावर पाणी पाडू नका, एवढं मात्र बजावलं. पाणी पडलं की रंग उतरायचा.

फुलं चिकटवायची टूम काकूंच्या मुलाची. सुकवलेली, रंगवलेली फुलं पोत्यानं यायची. कॅक्टसच्या डोक्यावर गरम गोंदाचा थेंब, वर फूल, झालं काम. “आई, लोकांना काटे नको असतात गं, फूल हवं असतं,” तो म्हणाला होता. पहिल्या दिवशी काकू त्याला वाट्टेल ते बोलल्या. मग बिनफुलांच्या कुंड्या जागच्या हलेनात आणि चिकटवलेल्या हातोहात खपायला लागल्या, तशा काकू स्वतःच निमूटपणे ग्लू गन घेऊन बसल्या. त्यांचा हात मुलापेक्षा सफाईदार. खोटं बोलायचीही सवय झाली. फक्त बोलताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघणं त्यांनी सोडलं.

एका कॅक्टसला मात्र त्यांनी मुलाला बोट लावू दिलं नाही. ते सासरेबुवा. गोल गरगरीत, अंगभर पांढरे केस, केसांआड काटे. नाव काकूंच्या नवऱ्यानं ठेवलेलं. “हुबेहूब माझे वडील. कितीही करा, खूश म्हणून व्हायचे नाहीत!” मुलगा रांगत होता तेव्हा नवऱ्यानं ते मोहरीहून बारीक बी पेरलं होतं. मुलाला मिसरूड फुटलं, त्याचं लग्न झालं, सासरेबुवा ढिम्म. फूल आलंच तर कुठल्या रंगाचं, यावर नवराबायकोची पैज होती. तो म्हणायचा लाल, त्या म्हणायच्या पिवळं. निकाल लागायच्या आधीच तो गेला. अंथरुणाला खिळल्यावरही विचारायचा, “म्हाताऱ्याचा काही विचार दिसतोय का?”

शाळेतल्या बाई येऊन गेल्या त्याला बरेच दिवस झाले होते. सकाळी काकू कुंड्यांवरची हिरवी जाळी सारायला गेल्या आणि जागीच थबकल्या. आठवडाभर सासरेबुवांच्या डोक्यावर जी लोकरीची गाठ दिसत होती, ती उमलली होती. पिवळं फूल. पिकल्या लिंबासारखं पिवळं.

“हरलात हो,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. एवढी वर्षं वाट पाहून पैज जिंकली आणि चिडवायला माणूस नाही, याचा त्यांना भयंकर राग आला.

त्यांनी मुलाला फोन लावला. “अरे, सासरेबुवांना फूल आलंय! तू आधी ये बघू.”

“आई, मी माल पोचवतोय. फोटो काढून ठेव ना.”

“फोटो कसला डोंबलाचा! बाबांनी लावलेलं आहे ते. डोळ्यांनी बघ.”

“संध्याकाळी येतो. कुठं पळून जातंय?”

दुपारी शाळेतल्या बाई आल्या आणि त्यांनी हातातली कुंडी टेबलावर आपटली. कॅक्टसच्या डोक्यावर गोंदाचा गोळा तेवढा उरला होता.

“एका पोरीनं ओढलं आणि हातात आलं! अख्खा वर्ग हसला मला. मी त्यांना फळ्यावर चित्र काढून शिकवत होते. तुम्ही माझ्या तोंडावर सांगितलंत, खरं आहे म्हणून!”

मुलाचं नाव पुढे करणं सोपं होतं. काकूंनी ते केलं नाही. “चुकलं माझं,” त्या म्हणाल्या.

पण बाईंची नजर सासरेबुवांवर गेली होती. “आणि हे? आता आणखी कुणाला फसवायचंय?”

“नाही नाही, त्याला हात लावू नका! ते खरं आहे.”

“तेव्हाही हेच म्हणाला होतात,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फूल चिमटीत धरून ओढलं.

ते एकदम सुटलं नाही. देठाशी ताणलं गेलं, मग तुटलं. खालचं टोक ओलं होतं. बाई आपल्या बोटांना लागलेल्या पिवळ्या परागांकडे बघत राहिल्या.

“मला वाटलं...”

“बरोबरच वाटलं तुम्हाला,” काकू म्हणाल्या. त्यांना बाईंचा राग यायला हवा होता. तो येईना, म्हणून त्यांना जास्तच वाईट वाटलं. बाईंनी फूल हळूच टेबलावर ठेवलं आणि त्या खाली मान घालून निघून गेल्या.

संध्याकाळी मुलगा आला. सगळं ऐकून म्हणाला, “एवढंच ना? आण इकडे.” काकू “अरे थांब” म्हणेपर्यंत ग्लू गन तापली होती. एक थेंब, वर फूल. “बघ, कळतंय तरी का?” त्यानं फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. फोन टणाटण वाजायला लागला.

“आत्या म्हणतेय, दादा असता तर नाचला असता,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज खरोखरच जड झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक जोडपं आलं. रांगेतल्या गुलाबी, निळ्या फुलांवरून हात फिरवत त्यातली बायको सासरेबुवांपाशी थांबली. फूल काळवंडून एका बाजूला लोंबत होतं.

“एवढं एक खराब झालंय वाटतं. बाकीची काय टवटवीत आहेत! खरी आहेत ना?”

“नाही,” काकूंनी तिच्याकडे बघत सांगितलं. “चिकटवलेली आहेत.”

“असू दे की. उलट बरं, टिकतील तरी,” ती हसून म्हणाली, आणि त्यांनी चार कुंड्या घेतल्या.

ते गेल्यावर काकूंनी सासरेबुवांना मांडीवर घेतलं आणि चिमट्यानं गोंद काढायला बसल्या. गोंदाच्या प्रत्येक कपच्यासोबत थोडे पांढरे केसही निघून येत होते.